नेतृत्वाचे धडे आणि अधिकारांची शिदोरी

केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने २०२५ मध्ये सुरू केलेल्या ‘आदि कर्मयोगी’ अभियानाचे उद्दिष्ट भव्य आहे : एक लाख गावे आणि वीस लाख प्रशिक्षित कार्यकर्ते. अधिकाऱ्यांबरोबरच गावातील युवक, शिक्षक, बचत गटांच्या महिला आणि जाणत्या वडीलधाऱ्यांनी एकत्र बसून २०३० पर्यंतचा गावाचा आराखडा तयार करावा, अशी त्यामागील कल्पना आहे. परंपरेच्या मुशीतून नेतृत्व घडवण्याचा हा विचार स्वागतार्ह आहे. मात्र शिबिर संपल्यावर या युवकाच्या हाती नेमके काय उरणार, याचे उत्तर दिल्लीला द्यावे लागेल.

परंपरेला राजाश्रय म्हणजे काय, याचे एक उदाहरण मराठी सत्तेनेच तमिळ भूमीत घालून दिले आहे. व्यंकोजीराजांचे पुत्र, तंजावरचे शहाजीराजे यांनी १६९३ मध्ये कुंभकोणमजवळील तिरुविसनल्लूर हे गाव चाळीसहून अधिक विद्वानांना अग्रहार म्हणून दिले. गावाला शहाजीराजपुरम हे नाव पडले आणि रामभद्र दीक्षितांसारखे पंडित तेथे नांदले. राजाने विद्येचा गौरव केला, तो तिच्या पाठीशी जमिनीचे उत्पन्न उभे करून.

या दानाची मर्यादाही त्याच गावाच्या आठवणीत आहे. श्राद्धाचे अन्न एका भुकेल्या अस्पृश्याला दिल्यामुळे तेथील संत श्रीधर अय्यावाळ यांना स्वकीयांचा रोष पत्करावा लागला, अशी कथा सांगितली जाते. अग्रहाराची दारे सर्वांसाठी उघडी नव्हती. वनवासी समाजांच्या मौखिक ज्ञानाला तर असे दान कधी लाभलेच नाही. उलट, वसाहतकालीन वन कायद्यांनी त्यांची पिढीजात वहिवाट अपराध ठरवली.

ही उणीव भरून काढण्याची वाट गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गोंड गावाने दाखवली आहे. गोंड समाजात गोटूल ही तरुणांची शाळाच. गाणी, कष्टाची कामे आणि सामूहिक शिस्त यांचे संस्कार तेथे होत. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने मेंढ्याने ही सामूहिकता ग्रामसभेत आणली. अभ्यास गटात चर्चा करायची आणि निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने घ्यायचा, हा तेथील शिरस्ता. वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरीही बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी झगडावे लागलेच. अखेर एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेकडे सुपूर्द केले. त्यानंतर बांबूची विक्री, मजुरी आणि हिशेब ग्रामसभेच्याच हाती आले. नेतृत्वाचे खरे शिक्षण या जबाबदारीतून होते.

सर्वत्र ही संधी सारखी नाही. १९९६ चा पेसा कायदा पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रांनाच लागू होतो आणि तमिळनाडूत असे एकही क्षेत्र नाही. निलगिरीतील इरुळ वा तोडा युवकाला मुख्यतः वनहक्क कायद्याचाच आधार आहे. पण न्यायालयीन वादात त्या राज्यातील हक्कपत्रांचे वाटप कित्येक वर्षे अडकून पडले होते. अशा ठिकाणी आराखडा लिहिण्याचे कौशल्य शिकवणे सोपे. तो अमलात आणण्याचा अधिकार देणे अवघड.

म्हणूनच या अभियानाचे यश प्रमाणपत्रांच्या संख्येवर मोजता येणार नाही. किती ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले आणि त्यांच्या ठरावापुढे वन खाते किती ठिकाणी नमले, हीच खरी कसोटी. शहाजीराजांनी पंडितांना गाव दिले, ते दान होते. आदिवासी युवक मागतो आहे ते त्याच्याच पूर्वजांचे जंगल. ते देण्यात दिल्लीचे औदार्य नाही, केवळ कायद्याचे पालन आहे.