‘झाला’ आणि ‘झाला असावा’

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेने एच५एन१ विषाणूची, म्हणजे बर्ड फ्लूची, पुष्टी केली. हे सिद्ध झालेले सत्य. संसर्ग खाद्यातील मांसातून झाला असावा, हा मात्र संशय होता. संदेश पुढे पाठवण्याच्या घाईत ‘असावा’ हाच शब्द प्रथम गळतो आणि डिस्कव्हरी गार्डन्समधील आपल्या घरांत मायदेशाची बातमी अनेकदा त्याविनाच पोहोचते.

त्याची किंमत गरीब मोजतो. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला उद्रेक नोंदला गेला. लक्षावधी कोंबड्या नष्ट झाल्या. माणसांत संसर्ग आढळला नाही. तरीही भीतीमुळे दूरदूरच्या कुक्कुटपालकांचा बाजार बसला.

अचूक वार्ता भय आवरते, तशीच सावधही करते. मृत पक्ष्यास उघड्या हाताने स्पर्श करू नये. आतपर्यंत ७० अंश सेल्सिअसला शिजलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही.

केवळ ऐकीव आहे म्हणून मानू नका, हा तथागतांचा कालामांना उपदेश. आपली व्यथा इतरांच्या पत्रांत उमटत नव्हती, म्हणून बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढले. हा वारसा सांगणाऱ्यांनी तरी संदेश पुढे धाडण्यापूर्वी विचारावे: नमुना कोणी तपासला? निष्कर्ष आला काय? वार्ता कोणत्या तारखेची?

उत्तर नसेल, तर बोट आवरावे. तीही सम्यक वाचाच होय.

जय भीम!