हात आणि वही

रस्त्याच्या कडेला सायकल दुरुस्तीचे दुकान असते. पंक्चर झालेल्या ट्यूबमध्ये कारागीर हवा भरतो, ती घमेल्यातील पाण्यात थोडीथोडी बुडवीत फिरवतो आणि बुडबुडे कोठून येतात ते पाहतो. छिद्र सापडले की तो खूण करतो, जागा घासून घेतो, ठिगळ चिकटवतो आणि ट्यूब पुन्हा एकदा पाण्यात धरतो. ही शेवटची कृती विशेष महत्त्वाची. काम बरोबर झाले असे तो गृहीत धरत नाही, तपासून पाहतो. अंदाज, चाचणी, दुरुस्ती आणि पुन्हा चाचणी हाच तर अभियांत्रिकीचा क्रम आहे. तरीही या माणसाला कोणी अभियंता म्हणत नाही आणि तोही स्वतःला तसे समजत नाही.

पूल आणि धरणे उभारण्यासाठी पदवी आवश्यक असावी, हे योग्यच आहे. तेथे चूक झाली तर माणसांचे प्राण जातात. परंतु या रास्त नियमाचा अर्थ समाजाने भलताच लावला. पदवी नसलेल्याने विचारही करू नये, केवळ सांगितलेले काम करावे, असा तो अर्थ. ज्यांची शाळा अर्ध्यावर सुटली, त्यांनीही तो निमूटपणे मान्य केला. हातात कौशल्य असलेली असंख्य माणसे यामुळे प्रश्न विचारायचेच थांबली.

तमिळनाडूतील कोइम्बतूरचे अरुणाचलम मुरुगानंदम मात्र थांबले नाहीत. वडिलांच्या निधनानंतर त्यांना लहान वयात शाळा सोडावी लागली. पुढे ते वेल्डिंगच्या कामात पडले. १९९८ मध्ये लग्न झाल्यावर त्यांच्या लक्षात आले की, पत्नी मासिक पाळीत जुनी फडकी वापरते, कारण बाजारातील सॅनिटरी नॅपकिन तिला परवडत नाहीत. मूठभर कापसाची किंमत इतकी कशी, हा प्रश्न त्यांच्या मनात आला तेव्हा त्यांनी पस्तिशी ओलांडली होती. त्यांनी कापसाचा नॅपकिन तयार केला. तो निरुपयोगी ठरला. वापरून पाहून मोकळेपणाने मत सांगायला स्त्रिया तयार होईनात. तेव्हा फुटबॉलच्या ब्लॅडरमध्ये बकऱ्याचे रक्त भरून, ते कपड्यांखाली बांधून ते स्वतःच चालू लागले, सायकल चालवू लागले. गावाने त्यांना वेडे ठरवले. पत्नी आणि आई काही काळ घर सोडून गेल्या.

बाजारातील नॅपकिन साध्या कापसाचा नसून लाकडाच्या लगद्यापासून मिळणाऱ्या सेल्युलोजचा असतो, हे कळायला त्यांना दोन वर्षांहून अधिक काळ लागला. त्यानंतर खरे काम सुरू झाले. मोठ्या कारखान्यांतील यंत्रे कोट्यवधी रुपयांची होती. मुरुगानंदम यांनी त्या प्रक्रियेचे सुटे टप्पे पाडले: लगदा पिंजणे, दाबून आकार देणे, वेष्टन चढवणे आणि अतिनील किरणांनी निर्जंतुक करणे. प्रत्येक टप्प्यासाठी खेड्यातील स्त्रीला सहज चालवता येईल असे साधे यंत्र त्यांनी घडवले. ही यंत्रे त्यांनी स्त्रियांच्या बचत गटांपर्यंत पोहोचवली. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

ही कथा अनेकदा ‘जुगाड’ म्हणून सांगितली जाते. तो त्यांच्यावर अन्याय आहे. जुगाडात वेळ भागते. तो का चालला आणि उद्या चालेल का, याची चौकशी होत नाही. मुरुगानंदम यांनी वर्षानुवर्षे तीच चौकशी केली. अशिक्षित प्रतिभेचे कौतुक करताना शिक्षणच अनावश्यक ठरवण्याची जी घाई होते, तीही तितकीच घातक आहे. हाताला वहीची जोड हवीच.

घरचा माठच पाहा. त्यात १० लिटर पाणी आहे आणि त्यातील १०० ग्रॅम पाणी पाझरून बाहेरच्या पृष्ठभागावरून उडून गेले, असे समजू. १ ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. म्हणजे एकूण ५८,००० कॅलरी. ही सर्व उष्णता आतल्या पाण्यातून गेली, तर ते जवळजवळ ६ अंश सेल्सिअसने गार व्हायला हवे. थर्मामीटर बुडवल्यास फरक बहुधा त्याहून कमी आढळतो, कारण भोवतालची गरम हवा माठाला उष्णता देतच राहते. आता एक माठ वाऱ्यावर ठेवावा, दुसरा बंद खोलीत आणि तिसऱ्याला बाहेरून तैलरंग द्यावा. दर तासाला तापमान लिहावे. चेन्नईच्या दमट हवेत माठ नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्याइतका गार का करत नाही, ते त्या आकड्यांवरून उमगू लागते. आठ वर्षांची नात आणि साठ वर्षांची आजी हा प्रयोग एकत्र करू शकतात. कदाचित आजीचे अंदाज अधिक अचूक निघतील.

असे शिक्षण कल्पनेतले नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत रमू न शकलेले तरुण तेथे वेल्डिंग, बांधकाम, शेती आणि वीजजोडणी करता करता त्यामागील विज्ञान शिकू लागले.

२०१६ नंतर देशभर हजारो शाळांत अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. मुलांना त्रिमितीय मुद्रक आणि संवेदक हाताळायला मिळतात, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्यांची रचना मुख्यतः सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. चाळिशीच्या वेल्डरला किंवा शिवणयंत्र स्वतःच खोलून दुरुस्त करणाऱ्या गृहिणीला तेथे सहजी जागा नाही. शाळा सुटल्यावर या खोल्यांना कुलूप लागते, आणि साधारण त्याच वेळेस कष्टकरी माणूस कामावरून मोकळा होतो. आठवड्यातून दोन संध्याकाळी ते कुलूप प्रौढांसाठी उघडायला नवी इमारत लागत नाही. एक शिक्षक, एक फळा, काही कोऱ्या वह्या आणि पंक्चरच्या दुकानातून बोलावून आणलेला तो कारागीर, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.