प्रसार हा शब्द आणि नास्तिकाचा हक्क

राष्ट्रजीवनात धर्माला स्थान किती असावे, हा वाद मराठी मुलखाला नवा नाही. मात्र कुर्डुवाडी, माढा आणि बार्शी या पट्ट्यातील काही विवेकवादी मंडळी तो अलीकडे ज्या टोकाला नेत आहेत, ते टोक धोक्याचे आहे आणि त्याचे खंडन झाले पाहिजे. या मांडणीचे पुरस्कर्ते निरीश्वरवादी आहेत, म्हणजे ईश्वराचे अस्तित्व ते नाकारतात, आणि तसे नाकारण्याचा त्यांचा हक्क येथे पूर्णपणे मान्य आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, धर्म ही घराच्या उंबऱ्याआतली बाब असून तिने रस्त्यावर येऊ नये. ख्रिस्ती मिशनचे दवाखाने आणि शाळा म्हणजे सेवेचे सोंग घेतलेले आमिष होय. ख्रिस्ती समाजाची अर्धी निष्ठा नेहमीच परदेशात गुंतलेली असते. आणि म्हणून राज्यघटनेच्या २५व्या अनुच्छेदातील ‘प्रसार’ हा शब्द काढून टाकल्याशिवाय भारत खऱ्या अर्थाने इहवादी, म्हणजे राज्यकारभारात परलोकाचा आधार न घेणारा, देश होणार नाही.

निष्ठेच्या आक्षेपात उत्तर देण्याइतकेही वजन नाही. संविधान सभेच्या अल्पसंख्याकविषयक उपसमितीचे अध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी स्वतः ख्रिस्ती होते, आणि १९४९ मध्ये धर्मावर आधारलेल्या राखीव जागा सोडून देण्याच्या निर्णयाला ख्रिस्ती प्रतिनिधींनी पाठिंबा दिला. स्वतःच्या समाजाचे संरक्षण राष्ट्राच्या एकोप्यासाठी आपण होऊन सोडणाऱ्यांकडे निष्ठेचा दाखला मागणे हा कृतघ्नपणा आहे.

आमिषाच्या आक्षेपाचे खंडन आकडेच करतात. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले. त्यानंतर दोनशे वर्षे शाळा चालल्या, दवाखाने चालले, दुष्काळात अन्नछत्रे चालली, आणि २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्यालाही पोहोचलेली नव्हती. मिरजेला डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारले, आणि कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाणारी बार्शी लाइट रेल्वेची अडीच फूट रुंदीची अरुंदमापी लाइन १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेल्यावर माढा, पंढरपूर, सांगोला भागातील रुग्णाला त्या छोट्या गाडीत बसून शस्त्रक्रियेसाठी मिरज गाठणे शक्य झाले. असा रुग्ण बरा होऊन परत येई आणि पुढच्या वारीला पुन्हा पंढरीची वाट धरी. त्याला आमिषाला भुललेला म्हणणे हा मिशनऱ्यापेक्षा त्या रुग्णाच्याच बुद्धीचा अपमान आहे, आणि माणसाच्या बुद्धीवर ज्यांचा सगळा विश्वास, त्यांच्याच लेखणीतून तो व्हावा ही खेदाची गोष्ट आहे.

उंबऱ्याचा युक्तिवाद ऐकायला नेटका वाटतो, पण तो संविधान सभेत मांडून झालेला आणि नाकारून झालेला आहे. डिसेंबर १९४८ मध्ये या अनुच्छेदाच्या मसुद्यावर चर्चा झाली, तेव्हा ताजमुल हुसेन यांनी धर्माचे आचरण केवळ खाजगीरीत्या करता यावे, अशी दुरुस्ती सुचवली होती आणि सभेने ती स्वीकारली नाही. कुर्डुवाडीसारख्या जंक्शनच्या गावात राहणाऱ्याला त्याचे कारण वेगळे सांगावे लागू नये. आषाढीच्या दिवसांत या फलाटावर डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली बाई, खांद्यावर पताका टाकलेला म्हातारा आणि गळ्यात टाळ अडकवलेला पोरगा गाडी बदलतात, जादा गाड्या सोडल्या जातात, आणि पंढरपुरात राज्याचे मुख्यमंत्री शासकीय महापूजा करतात. या कशाबद्दलही या मांडणीत एक शब्द नाही. उंबरा आहे तो फक्त ख्रिस्ती माणसाच्या घराला. वारकऱ्याला फलाटावरून हटवावे असे येथे मुळीच सुचवायचे नाही. त्याचा हक्क जसा रस्त्यावरचा आहे तसाच ख्रिस्ती उपासकाचाही आहे, एवढेच म्हणणे आहे.

परंतु या सगळ्या मांडणीचा खरा गाभा ‘प्रसार’ या शब्दावरच्या रागात आहे, आणि त्या रागाचा समाचार विस्ताराने घेणे भाग आहे. २५व्या अनुच्छेदात दोन गोष्टी एकाच वाक्यात बांधलेल्या आहेत: एक, सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य, म्हणजे खरे काय आणि योग्य काय हे स्वतःच्या मनाने ठरवण्याची मोकळीक, आणि दोन, धर्म मुक्तपणे प्रकट करण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क. ‘प्रसार’ या शब्दाला संविधान सभेतही विरोध झाला, लोकनाथ मिश्र यांनी तो कडवट शब्दांत केला. पण तो शब्द राखावा असे म्हणणाऱ्यांत कन्हैयालाल मुन्शी होते आणि टी. टी. कृष्णम्माचारीही होते. कृष्णम्माचारी यांनी आपण वर्षानुवर्षे ख्रिस्ती संस्थांत शिकलो तरी आपल्याला धर्म बदलायला कोणी सांगितले नाही, अशी साक्ष दिली. मुन्शी यांचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा होता. हा शब्द नसता तरी भाषणस्वातंत्र्याच्या आधारे प्रत्येकाला दुसऱ्याचे मन वळवता आलेच असते, असे त्यांनी दाखवून दिले. याचा अर्थ असा की, शब्द खोडून ख्रिस्ती धर्मोपदेशकाचे तोंड बंद होणार नाही. फक्त धर्माविषयी बोलणे हेच संशयास्पद कृत्य आहे, असा संदेश ठाण्यातल्या हवालदारापर्यंत पोहोचेल.

आणि धर्माविषयी बोलतो कोण? उपदेशक बोलतो हे खरे. पण गावोगाव जाऊन भोंदू बुवांच्या चमत्कारांचे प्रयोग करून दाखवणारा, पुस्तिका विकणारा, महाविद्यालयात व्याख्यान देणारा, ‘देवाला रिटायर करा’ म्हणणारा निरीश्वरवादी याच विषयावर उपदेशकापेक्षा अधिक बोलतो. तो दुसऱ्याच्या मनातली श्रद्धा काढून त्या जागी स्वतःची खात्री ठेवू पाहतो. याला प्रसार नाही तर काय म्हणावे? ज्या फांदीवर तो बसला आहे तिच्यावरच तो कुऱ्हाड चालवतो, आणि खाली पडल्यावर जमीन कठीण आहे म्हणून तक्रार करील.

ती जमीन किती कठीण असते हे २०१२ मध्ये मुंबईत दिसले. विलेपार्ले भागातील इर्ला येथील वेलंकणी मातेच्या चर्चजवळ क्रुसावरील येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागले आणि लोक ते तीर्थ म्हणून गोळा करू लागले. सनल एडामारुकू या विवेकवाद्याने जाऊन पाहिले, तेव्हा भिंतीमागे तुंबलेल्या निचऱ्याचे पाणी केशाकर्षणाने, म्हणजे बारीक छिद्रांतून द्रव आपोआप वर चढतो त्या नियमाने, भिंतीत आणि तिथून क्रुसापर्यंत चढत असल्याचे त्याला आढळले. दिव्याची वात तेल ओढते तसाच तो प्रकार होता. यावर कॅथलिक संघटनांच्या काही लोकांनी भारतीय दंड संहितेच्या २९५-अ या कलमाखाली, म्हणजे धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावल्याच्या गुन्ह्याखाली, पोलिसांत तक्रारी केल्या आणि अटकेच्या भीतीने एडामारुकू यांना फिनलंडला जावे लागले. या प्रकरणात ख्रिस्ती तक्रारदार चुकले, पूर्णपणे चुकले. ज्या समाजाने आपल्या रुग्णालयांत जंतुशास्त्र शिकवले त्या समाजाने एका ओल्या भिंतीचे कारण सांगणाऱ्यावर पोलीस सोडणे हे त्याला शोभणारे नव्हते. पण पुरस्कर्त्यांनी या प्रकरणातून काढलेला निष्कर्ष नेमका उलटा आहे. एडामारुकू यांना ज्याने घालवले ते कलम धर्माविषयीचे बोलणे आवळणारे होते, आणि पुरस्कर्ते धर्माविषयीच्या बोलण्यावर आणखी एक दोरी मागत आहेत.

या संदर्भात मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावरील १८५७ चे वादविवाद आठवतात. एका बाजूला मिशनरी, दुसऱ्या बाजूला विष्णुबुवा ब्रह्मचारी, भोवती वाळूत उभे असलेले लोक. आणि राज्य ज्यांचे, त्यांच्याच धर्माचे वाभाडे बुवा उघडपणे काढत होते. त्या काळातले सगळेच काही हेवा करण्याजोगे नव्हते, पण बुवांना हरवायचे तर उत्तर द्यावे लागेल, फिर्याद नव्हे, एवढे त्या मिशनऱ्यांना कळत होते. पुढच्या पिढीत आगरकरांनी ‘सुधारका’तून बुद्धिवाद मांडला तेव्हाही त्यांचे हत्यार लेखणी हेच होते, म्हणजे प्रसार हेच होते.

पुरस्कर्त्यांच्या मांडणीत न आलेली आणखी एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे, कारण तिच्याशिवाय हा वाद पुरता समजत नाही. नास्तिकाला आज जे हक्क आहेत त्यांतले काही मोलाचे हक्क ख्रिस्ती माणसांनीच लढून मिळवलेले आहेत. येशूने शपथ वाहू नका असे सांगितले म्हणून इंग्लंडमधील क्वेकर पंथाचे लोक न्यायालयात शपथ घेत नसत; त्यांनी त्यासाठी तुरुंग सोसले, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस त्यांना शपथेऐवजी नुसती प्रतिज्ञा करण्याची सवलत मिळाली. नॉर्दम्प्टनहून निवडून आलेला नास्तिक चार्ल्स ब्रॅडलॉ १८८० मध्ये पार्लमेंटमध्ये गेला तेव्हा त्याने प्रतिज्ञेची तीच वाट मागितली. ख्रिस्ती सभासदांनी ती नाकारली, त्याला घड्याळाच्या मनोऱ्यातही कोंडले. पण १८८६ मध्ये तो आसनस्थ झाला, १८८८ च्या कायद्याने वाट सर्वांना खुली झाली, आणि पुढच्याच वर्षी हा ब्रॅडलॉ काँग्रेसच्या मुंबई अधिवेशनाला हजर होता. भारतीय राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत आमदार-मंत्र्यांसाठी ‘ईश्वरसाक्ष शपथ’ आणि ‘गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा’ असे दोन पर्याय शेजारी शेजारी आहेत, त्यांतल्या दुसऱ्याचा वंश असा क्वेकरांपर्यंत पोहोचतो.

त्याहून जवळचे उदाहरण मुंबई उच्च न्यायालयाचे आहे. येशू ख्रिस्तावर श्रद्धा ठेवणाऱ्या, पण ख्रिस्ती धर्मासह कोणताच संघटित धर्म न मानणाऱ्या एका मंडळीतील तिघांनी आपण कोणत्याच धर्माचे नाही अशी राजपत्रात नोंद मागितली. शासकीय मुद्रणालयाने ती नाकारली. ते न्यायालयात गेले, आणि २३ सप्टेंबर २०१४ रोजी न्यायालयाने ठरवले की, २५व्या अनुच्छेदातील सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात ‘मी कोणताही धर्म मानत नाही’ असे म्हणण्याचा हक्क येतो आणि कोणत्याही सरकारी यंत्रणेला नागरिकाकडून धर्म वदवून घेता येत नाही. महाराष्ट्रातील नास्तिक आज ज्या निकालाचा आधार घेतो तो येशूच्या भक्तांनी आणि ज्या अनुच्छेदावर पुरस्कर्ते कात्री चालवू पाहतात त्याच अनुच्छेदाखाली मिळवलेला आहे.

ख्रिस्ती पक्षाचे दोषही लपवण्याचे कारण नाही. संततिनियमनाचा पुरस्कार केला म्हणून रघुनाथ धोंडो कर्वे यांना विल्सन महाविद्यालयातील प्राध्यापकी सोडावी लागली, आणि त्या नास्तिकाने नंतर १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ एकहाती चालवले. सोलापुरात तर याहून वाईट घडले. ज्या जमातींना इंग्रज सरकारने जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते त्यांच्या तारेच्या कुंपणाआडच्या वसाहतीचे व्यवस्थापन काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होते. सोलापूरकर त्या भागाला आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. हजेरीचे पुस्तक सरकारचे आणि ते भरणारा हात धर्मोपदेशकाचा, हे धर्माचे राष्ट्रातील सर्वांत वाईट स्थान होय. पण हा दोष प्रसाराचा नव्हे. तो राज्याच्या किल्ल्या धर्माच्या कमरेला अडकवण्याचा आहे.

तेव्हा मंडन करायचे ते एवढेच. राज्याने धर्माच्या हाती सत्ता देऊ नये आणि धर्माच्या तोंडाला कुलूप लावू नये. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी राज्यघटनेच्या उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ करावी, ही ह. वि. कामत यांची सूचना ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली, आणि ती फेटाळणाऱ्यांत श्रद्धावंतही होते. राज्याने पाहायचे ते कृत्याकडे, श्रद्धेकडे नव्हे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू वा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरवला, देव मानणे नव्हे. चंगाई सभेत, म्हणजे प्रार्थनेने रोग बरे करण्याच्या मेळाव्यात, कोणी रुग्णाला गोळ्या बंद करायला सांगितले, तर निरीश्वरवाद्याने तिथे आवाज उठवावा आणि वॉनलेसचा वारसा सांगणाऱ्या ख्रिस्ती डॉक्टरने त्याच्या शेजारी उभे राहावे. शाळेच्या प्रवेशअर्जातील ‘धर्म’ हा रकाना रिकामा ठेवणाऱ्या पालकाला माढा तालुक्यातील एखाद्या खिडकीवरून परत पाठवले गेले, तर २०१४ चा निकाल हातात घेऊन प्रथम ख्रिस्ती माणसाने त्या खिडकीशी जावे. आणि रविवारच्या साध्या उपासनेसाठी चारसहा कुटुंबे जमलेल्या खोलीचे दार कोणी जमाव घेऊन ठोठावले, तर त्या दारात प्रथम निरीश्वरवाद्याने उभे राहावे.