फिट थांबली म्हणून गोळी थांबवू नका

गेल्या महिन्यात सकाळी आमच्या वस्तीतल्या नळावर एकच गलका झाला. सहावीत शिकणारी एक मुलगी पाणी भरताना हंड्यासकट पडली आणि हातपाय झाडू लागली. कोणी कांदा आणला, कोणी चप्पल हुंगवली. एकाने दातखीळ उघडायला तोंडात चमचा घातला, त्यात पोरीचा दात हलला. दोन मिनिटांत फिट आपोआप थांबली. श्रेय मात्र चपलेला मिळाले!

नंतर तिची आई हळूच म्हणाली, "भाऊ, गोळ्या चालू होत्या. वर्षभर फिट आली नाही, त्यात ह्यांचं काम सुटलं, म्हणून बंद केल्या. कुणाला सांगू नका, उद्या हिच्या लग्नाचं कसं व्हायचं?"

वाचकहो, मी कारकून माणूस, डॉक्टर नव्हे. पण त्या माउलीबरोबर सरकारी रुग्णालयात गेलो. तेथे जे समजले ते सांगणे माझे कर्तव्य समजतो.

आपला मेंदू विजेच्या सूक्ष्म लहरींवर चालतो. त्या एकाएकी बेसुमार उसळल्या की फिट येते. जन्मताना बाळाला प्राणवायू कमी पडणे, मेंदूज्वर, डोक्याला मार, अस्वच्छ अन्नपाण्यातून पोटात जाणारी कृमीची अंडी, अशी कारणे असतात. काही मुलांत कारण सापडत नाही. पण ही बाहेरची बाधा नव्हे आणि शिवल्याने लागतही नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली लेकराला मारणे, चटके देणे हा महाराष्ट्रात 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, योग्य औषधाने शंभरातील सत्तर रुग्णांपर्यंत फिट थांबू शकते. परंतु फिट येत नाही याचा अर्थ आजार गेला असा नव्हे. गोळी आपले काम करते आहे! ती अचानक बंद केली तर एकामागून एक फिट येऊन जिवावर बेतू शकते. साधारणपणे सलग दोन वर्षे फिट आली नाही, तर डॉक्टर गोळी कमी करण्याचा विचार करतात, आणि तेही हळूहळू. पैशाची अडचण असेल तर गोळी तोडू नका, सरकारी रुग्णालय गाठा. अंगणवाडीत, सरकारी शाळेत मुलांना तपासायला आरोग्य पथक येते, त्यांनाही सांगा.

फिट आली तर मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ कापड ठेवा, कपडे सैल करा. तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्ध न येता पुन्हा आली, तर 108 ला फोन करा.

एक वही घाला. तारीख, वेळ, किती मिनिटे, गोळी चुकली होती का, एवढे लिहा. डॉक्टरांना तोच हिशेब हवा असतो.

राहिले लग्न. आपल्यालाही लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्यात फिट येणे ही लग्नाला अडचण मानली होती. 1999 साली ती अट काढून टाकली. कायद्याने काढलेला डाग आपण का जपायचा? लपवून लग्न करू नका, सांगून करा. आणि शाळेतल्या बाईंना तर आजच सांगा.

ती मुलगी पुन्हा शाळेत जाऊ लागली आहे. रात्रीची गोळी तिचा धाकटा भाऊ आठवणीने देतो आणि वहीत खूण करतो.