लाइन गेली, ऊन आहे!

ऑफिसच्या लंच-टाइमला हल्ली एक फंडा हमखास ऐकू येतो. ईएमआयला कंटाळलेला कुणीतरी म्हणतो, ‘बॉस, गावाकडे जायचं, छतावर सोलर टाकायचं आणि महावितरणला टाटा!’ तो अमरावती-अकोल्याचा असेल तर पुढचं वाक्य ठरलेलं, ‘आमच्याकडे तर ऊनच ऊन!’

ऊन आहेच. पण पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नव्हे. त्यावर छापलेले वॉट मोजले जातात ते पॅनेलचं तापमान 25 अंश असताना. त्यापुढे प्रत्येक अंशाला साधारण 0.35 ते 0.4 टक्के वीज घटते. मे महिन्यात अकोल्यात पारा 45 वर गेला की छतावरचं पॅनेल 65-70 अंशांना सहज पोचतं. म्हणजे ऐन दुपारी 15 टक्क्यांच्या आसपास वीज गुल! म्हणून पॅनेल स्लॅबला चिकटवून बसवू नका, खालून वारा खेळू द्या.

माझ्या अकोल्याच्या मामीने 3 किलोवॉटचं सोलर बसवलं. 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एवढ्याला 78 हजारांची सबसिडी मिळते, त्यामुळे मामी जाम खूश. मग एका दुपारी लाइन गेली आणि पंखाही थांबला. मामीचा फोन, ‘काहून रे, छतावर एवढे आरसे मांडले, अन् पंखा काहून बंद?’

बसवणाऱ्याने हे सांगितलंच नव्हतं. अशी सिस्टिम ऑन-ग्रिड असते. बाहेरची लाइन गेली की तिचा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. तो बंद व्हायलाच हवा, नाहीतर खांबावर दुरुस्ती करणाऱ्या लाइनमनला तुमच्या छतावरचा करंट बसेल. तारांशिवाय जगायचं तर हायब्रिड किंवा ऑफ-ग्रिड इन्व्हर्टर लागतो. आणि बॅटरी. खरा खर्च तिथे आहे.

आता वऱ्हाडातला कळीचा मुद्दा: कूलर. रात्री वाळ्याचा गारवा नसेल तर तुमच्या ऑफ-ग्रिड स्वप्नाचं कुणाला कौतुक? मोठा कूलर धरा 200 वॉट. आठ तास चालला की 1.6 युनिट. घरोघरी असते ती 12 व्होल्ट, 150 एएचची लेड-अॅसिड बॅटरी कागदावर 1.8 युनिटची, पण ती निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते. म्हणजे हातात 0.9 युनिट. मध्यरात्रीच कूलर गप्प! त्याऐवजी 30 वॉटचा बीएलडीसी पंखा रात्रभर पाव युनिटमध्ये भागवतो. साधा पंखा 75 वॉट खातो. म्हणून आधी घरातला लोड कमी करा, पॅनेलचा हिशेब मग. एक किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरा, आणि श्रावणातल्या ढगाळ आठवड्यासाठी हात राखून ठेवा.

ज्यांना हे सगळं फॅशनेबल वाटतं, त्यांनी मेळघाटाकडे बघावं. धारणी-चिखलदऱ्याच्या जंगलातल्या काही कोरकू गावांसाठी ऑफ-ग्रिड ही कधीच हौस नव्हती. व्याघ्र प्रकल्पातून तारा नेणं अवघड, म्हणून सोलरचा दिवा. अशा ठिकाणी पॅनेल वीस-पंचवीस वर्षं टिकतं, बॅटरी मात्र चार-पाच वर्षांत मान टाकते. नवी कोण घेणार, त्यात पाणी कोण घालणार, हे ठरलेलं नसेल तर चकचकीत पॅनेलखाली पुन्हा अंधार. आपल्याकडे निदान बॅटरीवाला फोनवर येतो.

तुम्ही घेणारच असाल, तर लिथियम फॉस्फेट बॅटरी महाग असली तरी परवडते. ती 80 टक्के वापरता येते आणि डिस्टिल्ड वॉटरची कटकट नाही. कुठलीही घ्या, गच्चीवरच्या टिनाच्या शेडमध्ये ठेवू नका. लेड-अॅसिडचं आयुष्य दर आठ-दहा अंशांच्या वाढीला जवळपास निम्मं होतं. जिन्याखालची अंधारी, थंड जागा बघा. तिथली जुनी सायकल भंगारवाल्याला देऊन टाका.