मालक जातील, आपण जायचं नाही

ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील भारतीय फुटबॉल संघाचा प्रशिक्षक झाला, तेव्हा मुंबईतल्या तीन क्लबांनी पेढे वाटायला हवे होते. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसी या तिन्ही संघांकडून तो खेळला होता. मुंबई एफसीला तर त्याने पुढे सात वर्षं शिकवलं आणि हाताशी जेमतेम पैसा असताना दर हंगामात तारून नेलं. पण पेढे वाटायला क्लब शिल्लक कुठे होते? महिंद्रानं २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये संघच बंद केला. परवान्याच्या अटी पूर्ण झाल्या नाहीत म्हणून एअर इंडिया २०१३ मध्ये आय-लीगबाहेर गेली. मुंबई एफसी २०१७ मध्ये खालच्या श्रेणीत घसरली आणि मालकांनी गाशा गुंडाळला.

मुंबईची ही गत, तर पुण्याची त्याहून वाईट. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी २००७ मध्ये सुरू झाला. गोव्याच्या डेरिक परेराच्या हाताखाली हा संघ घडला आणि २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग दुसरा आला. मलप्पुरमहून आलेला आशिक कुरुनियन इथल्याच अकादमीत शिकला आणि पुढे भारताकडून खेळला. एवढं सगळं मार्गी लागलेलं असताना २०१५ मध्ये क्लब मिटला. त्याच वर्षी कल्याणी समूहाच्या भारत एफसीनं एका हंगामातच दुकान आवरलं. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये गेला आणि एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये. चार वर्षांत एकाच शहरातून चार व्यावसायिक क्लब गेले, पण ना मोर्चा निघाला, ना सह्यांची मोहीम झाली, ना महापालिकेच्या सभेत कुणी प्रश्न विचारला.

आम्ही पुणेकर चाहते तेव्हा काय करत होतो? हळहळलो आणि रात्री साडेबाराची इंग्लिश मॅच बघायला बसलो. म्हणूनच हा लेख मालकांना उद्देशून नाही. तो तुम्हाआम्हाला उद्देशून आहे, कारण आता पुन्हा तीच वेळ आली आहे.

एफसी पुणे सिटीचं पुढे काय झालं, तेही बघा. इंडियन सुपर लीगमधली (आयएसएल) पुण्याची जागा हैदराबादला गेली. मार्सेलिन्योसारखे खेळाडू गेले, प्रशिक्षक फिल ब्राऊनही गेला. मार्च २०२२ मध्ये फातोर्ड्याला केरळ ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून हैदराबाद एफसी आयएसएलचा विजेता ठरला. त्या संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात खेळलेला, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झालेला हा मुलगा. पोरगा आपला, जागा आपली आणि मिरवणूक हैदराबादची! पण हैदराबादलाही ते सुख लाभलं नाही. खेळाडूंचे पगार थकले, नवे खेळाडू घ्यायला फिफानं बंदी घातली आणि २०२५ मध्ये तो क्लब दिल्लीला हलला. सहा वर्षांत तीन शहरं झाली आणि दोन्ही वेळा चाहत्यांना बातमी वर्तमानपत्रातूनच कळली.

आता आजची स्थिती. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि रिलायन्सच्या कंपनीमधला व्यावसायिक हक्कांचा १५ वर्षांचा, ७०० कोटींचा करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार होता. पुढचं काहीच ठरेना म्हणून जुलैमध्ये आयएसएलचा हंगाम थांबवला गेला. नव्या हक्कांसाठी निविदा काढली, तर मुदत संपेपर्यंत एकही बोली आली नाही. सरावाचं मैदान बंद, पगाराचा भरवसा नाही, अशा अवस्थेत खेळाडूंना ‘आम्हाला फक्त खेळायचं आहे’ एवढं सांगण्यासाठी समाजमाध्यमांवर यावं लागलं. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी १४ फेब्रुवारीपासून लीग होईल असं जाहीर केलं, पण सामने घटवून. दरम्यान, सिटी फुटबॉल ग्रुप मुंबई सिटीतून बाहेर पडला. २०१९ मध्ये ६५ टक्के हिस्सा घेऊन आलेला, मँचेस्टर सिटीचा हा मालक लीगचं भविष्य दिसेना म्हणून निघून गेला. पहिल्या श्रेणीत महाराष्ट्राचा मुंबई सिटी हा एकच क्लब उरला आहे.

मुंबई सिटीवर माझा पूर्वी राग होता. नट-नट्यांच्या गर्दीत फुटबॉल शोधावा लागायचा. पण २०२०-२१ च्या अंतिम सामन्यात बिपिन सिंगनं नव्वदाव्या मिनिटाला गोल करून मोहन बागानला गप्प केलं आणि एकाच हंगामात शील्ड आणि करंडक दोन्ही मुंबईला आले. त्यानंतर एप्रिल २०२२ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या अल-कुवा अल-जाविया संघाशी गाठ पडली. एक गोल खाल्ला, पेनल्टीवर बरोबरी झाली आणि मग राहुल भेकेनं गोल केला. राहुल भेके मुंबईचा, मुंबई एफसीकडून खेळलेला. त्या स्पर्धेत भारतीय क्लबनं जिंकलेला तो पहिला सामना. म्हणजे बंद पडलेल्या क्लबातल्या पोरानं आज चालू असलेल्या क्लबला इतिहासात नेऊन बसवलं. कुठलाही क्लब उगाच चालवलेला नसतो, हे सांगायला याहून मोठा पुरावा नको.

व्यवस्थापनाबद्दल मात्र मी मवाळ बोलणार नाही. आपल्याकडच्या मालकांची खोड एकच: मैदानापेक्षा पोस्टर आधी. पुणे सिटीनं २०१४ मध्ये पहिलं नाव आणलं डेव्हिड ट्रेझेगेचं. विश्वविजेता खरा, पण निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा. पुढच्या वर्षी अ‍ॅड्रियन मुटू आला, तोही उताराला लागलेला. २०१७-१८ मध्ये कुठे रांको पोपोविचनं शिस्त लावली, मार्सेलिन्यो आणि अल्फारो यांची जोडी जमली आणि संघ उपांत्य फेरीत पोहोचला. बालेवाडीत बंगळूरूला शून्यावर रोखलं. परतीच्या सामन्यात सुनील छेत्रीनं तीन गोल मारून आपला खेळ संपवला, तो भाग वेगळा. त्या पायावर पुढच्या हंगामात इमारत उभी राहायला हवी होती. झालं काय? पोपोविच गेला, मिगेल आंखेल पोर्तुगाल आला, तीन सामन्यांत त्याला काढलं, मग प्रद्युम रेड्डी, मग फिल ब्राऊन. एका हंगामात तीन प्रशिक्षक! त्यानंतर क्लबच उरला नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘मालकाचा पैसा, मालकाची मर्जी. आपण कोण विचारणारे?’

आपण कोण ते सांगतो. बालेवाडीचं क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी राज्य सरकारनं उभारलं. मुंबई सिटीचे सामने जिथे होतात, ते अंधेरीचं शहाजीराजे भोसले क्रीडासंकुल मुंबई महापालिकेचं. मैदान जनतेचं, पोलिस बंदोबस्त जनतेचा आणि छातीवर नाव शहराचं, तर मग अटी घालण्याचा हक्कही जनतेचा. मैदान देताना भाड्याइतकंच करारात आणखी काही लिहून घेता येतं: हंगामाच्या मध्यात क्लब बंद करायचा नाही, शहर सोडायचं तर अमुक महिने आधी जाहीर सूचना द्यायची, मुलांचे संघ अर्ध्यात वाऱ्यावर सोडायचे नाहीत. पण हे कलम घाला असं सरकारला सांगायला चाहत्यांची संघटित शक्ती हवी. ती नाही, ही खरी दुखरी जागा.

ती असली तर काय होतं, हे बघायला कोल्हापूरला जा. हंगामात सामन्याच्या दिवशी दुपारपासून शाहू स्टेडियमच्या पायऱ्या भरायला लागतात. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, फुलेवाडी ही नुसती संघांची नावं नाहीत, त्यांतली बहुतेक तालमींची आणि पेठांची नावं आहेत. आज गोलरक्षक कोण, डावीकडून कुणाला सोडणार, बाहेरून आणलेला नायजेरियन फॉरवर्ड गेल्या सामन्यात पळत का नव्हता, याची चर्चा चहाच्या टपरीवर सकाळीच संपलेली असते. पैसा तालमीचा, देणगीदारांचा, पेठेतल्या दुकानदारांचा. एखादा देणगीदार रुसला तर दुसरा उभा राहतो, पण तालीम बंद पडत नाही. तिच्या नावावर कुणा एकाची सही नसते. हो, तिथे हुल्लडबाजी होते, सामने थांबतात, पोलिसांना मध्ये पडावं लागतं. ते थांबलंच पाहिजे, आणि ही ताकद शाहू स्टेडियमच्या भिंतीबाहेर, देशाच्या वरच्या लीगपर्यंत कधीच का पोहोचली नाही, याचा जाबही कोल्हापूरकरांनी स्वतःला विचारला पाहिजे. तरी क्लब कसा जगवायचा हे महाराष्ट्रात त्यांनाच ठाऊक आहे.

गोव्याचंही तसंच. आयएसएलला वरची जागा देण्याच्या बेताविरोधात डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले. सगळ्यांनी तिथेच श्रद्धांजली वाहून टाकली होती. पण पाच वेळा देश जिंकलेला डेम्पो घरच्या लीगमध्ये गोव्याच्या पोरांना घेऊन खेळत राहिला आणि २०२४-२५ मध्ये आय-लीगला परत आला. मुळं खोल असली की झाड छाटलं तरी फुटतं.

लंडनच्या विम्बल्डनची गोष्ट तर प्रत्येक पुणेकर चाहत्यानं पाठ करावी. त्यांचा क्लब मालकांनी दुसऱ्या गावी न्यायचं ठरवलं आणि २००२ मध्ये फुटबॉल संघटनेच्या आयोगानं त्याला मान्यता दिली. चाहत्यांनी काही आठवड्यांत स्वतःचा नवा क्लब काढला, मोकळ्या मैदानावर खेळाडूंची चाचणी घेतली आणि बऱ्याच खालच्या श्रेणीतून सुरुवात केली. नऊ वर्षांत, २०११ मध्ये, ते व्यावसायिक लीगमध्ये परतले. २०२० मध्ये आपल्या जुन्या परिसरात, प्लाऊ लेनला, नवं स्टेडियमही बांधलं. जर्मनीत तर नियमच आहे की, मोजके अपवाद सोडले तर मतांचा मोठा वाटा क्लबच्या सभासदांकडेच राहतो. आपण एकदम तिथे पोहोचणार नाही, पण सुरुवात करायला कुणाची परवानगी लागत नाही.

तेव्हा आता कामाचं बोलू.

पहिलं, पास मागणं बंद करा. ओळखीतून फुकट पास मिळवून मागच्या रांगेत सेल्फी काढणाऱ्याला मी चाहता मानत नाही. तिकीट विकत घ्या, हंगामाचं काढता आलं तर हंगामाचं. दारावर जमलेला पैसा फार मोठा नसेल, पण नवा मालक किंवा प्रायोजक पहिल्यांदा तोच आकडा बघतो.

दुसरं, संघटना नोंदवा. संस्था नोंदणी कायद्याखाली सात माणसं पुरतात. नुसता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप नको. घटना, हिशेब, वर्षातून एक सभा आणि बँकेत खातं हवं. नोंदणीकृत संघटनेच्या पत्राला कार्यालयात आवक क्रमांक मिळतो. एकट्या चाहत्याच्या संतापाला मिळत नाही.

तिसरं, तीन मागण्या लेखी पाठवा. क्लबला, महापालिकेला आणि क्रीडा खात्याला. क्लबचं नाव, चिन्ह, रंग आणि शहर चाहत्यांना विचारल्याशिवाय बदलायचं नाही. क्लबच्या बैठकीत चाहत्यांचा एक प्रतिनिधी बसवायचा. सरकारी मैदानाच्या करारात मुलांच्या आणि मुलींच्या संघांची हमी लिहायची. आमदार-नगरसेवक दहीहंडीला येतात, फुटबॉलच्या बक्षीस समारंभालाही येतात. हार घालायच्या आधी त्यांच्या हातात हे पत्र द्या.

चौथं, आपल्या गल्लीची लीग बघा. पुण्यात जिल्हा फुटबॉल संघटनेची (पीडीएफए) लीग होते, मुंबईत मुंबई फुटबॉल असोसिएशनची (एमएफए). तिथे तिकीट नसतं, गर्दीही नसते, आणि उद्याचा राहुल भेके मात्र तिथेच धावत असतो. त्याचं नाव लिहून ठेवा, त्याच्या संघाला पाण्याच्या बाटल्या द्या, ट्रेनच्या तिकिटाला हातभार लावा.

१८९१ मध्ये मुंबईत सुरू झालेली रोव्हर्स कपसारखी स्पर्धा शंभराहून अधिक वर्षं रंगली आणि २०००-०१ नंतर झालीच नाही. ती बंद करा असं कुणीही म्हणालं नव्हतं. चालू ठेवा, असंही पुरेशा लोकांनी म्हटलं नाही, एवढंच. मुंबई सिटीच्या बाबतीत हे होऊ द्यायचं नसेल, पुण्याला पुन्हा स्वतःचा क्लब हवा असेल, तर हंगाम संपेपर्यंत थांबू नका. या रविवारी सहा मित्रांना घरी बोलवा. सातवे तुम्ही. अर्ज भरा आणि सोमवारी नोंदणी कार्यालयात द्या.