चॅटबॉटने सांगावे, विचारू नये

लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रीला आधार देण्यासाठी चॅटबॉट वापरावा, असे म्हणणाऱ्यांचे मुद्दे चार आहेत. तो रात्री-अपरात्री हजर असतो, त्याच्यापुढे लाज वाटत नाही, तो दोष देत नाही आणि समुपदेशकांची उणीव भरून काढतो. मध्य प्रदेशातील जबलपूर जिल्ह्याकडे पाहिले तर यात तथ्य दिसते. शहरात उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ आहे, नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण कुंडमकडच्या खेड्यातल्या मुलीला तिथवर यायचे तर बसभाडे, सोबत आणि घरच्यांची परवानगी लागते. मोबाइल मात्र घरातच असतो.

तो मोबाइल असतो कोणाचा? बहुधा भावाचा, बापाचा किंवा नवऱ्याचा. आरोपी बहुतेक प्रकरणांत ओळखीतला असतो, कित्येकदा घरातलाच. अशा घरात फोनवर टाइप केलेली कैफियत गुप्त राहील हे गृहीत धरणे भाबडेपणाचे आहे. शिवाय फोनवरचा दयाळू आवाज फसवू शकतो, हे या मुलखाने पाहिले आहे. मे २०२४ मध्ये सीधी जिल्ह्यात उघड झालेल्या प्रकरणात, पोलिसांच्या म्हणण्यानुसार, आवाज बदलणारे ॲप वापरून शिक्षिका असल्याचे भासवले गेले आणि शिष्यवृत्तीच्या आमिषाने आदिवासी विद्यार्थिनींना बोलावून त्यांच्यावर अत्याचार झाले.

याहून गंभीर आक्षेप न्यायालयाच्या बाजूने येतो, आणि चॅटबॉटचे समर्थक त्याला क्वचितच हात घालतात. वकिलाशी झालेल्या बोलण्याला कायद्याने गोपनीयतेचे संरक्षण आहे. चॅटबॉटशी झालेल्या बोलण्याला नाही. ते इलेक्ट्रॉनिक अभिलेख म्हणून पुराव्यात येऊ शकते. १९७२ सालच्या देसाईगंज पोलीस ठाण्यातील मुलीवरच्या बलात्काराच्या प्रकरणाची आठवण इथे ठेवावी लागते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलेल्या पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सोडले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने प्रतिकार केल्याचे दिसत नाही, यावरून संमतीचा निष्कर्ष काढला. देशभर संताप उसळला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. न बोलण्याचा असा अर्थ लावला गेला असेल, तर भेदरलेल्या अवस्थेत मध्यरात्री लिहिलेल्या, क्रम चुकलेल्या, कदाचित स्वतःलाच दोष देणाऱ्या वाक्यांचे उलटतपासणीत काय होईल? ‘मग काय झाले, तुम्हाला काय वाटले’ असे आर्जवाने विचारत राहणारे यंत्र आधाराच्या नावाखाली बचावपक्षाला साहित्य पुरवते.

यंत्र दोष देत नाही, हे खरे. पण दोष न देणे म्हणजे समजणे नव्हे. मार्च २०१६ मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात फोनमधल्या चार सहायकांना बलात्कार झाल्याचे सांगण्यात आले. मदतीचा क्रमांक फक्त कोर्टानाने दिला, सिरीला वाक्यच कळले नाही. पुढे सुधारणा झाल्या. तरी २०२३ मध्ये अमेरिकेतील आहारविकारग्रस्तांच्या संघटनेने माणसांची हेल्पलाइन बंद करायला घेतली आणि तिचा ‘टेसा’ हा चॅटबॉट वजन घटवण्याचे सल्ले देताना सापडला. तो थांबवावा लागला. जबलपूरच्या आसपासची मुलगी ‘गलत काम हुआ’ एवढेच म्हणेल, तेही बुंदेली वळणाच्या हिंदीत. अल्पवयीन मुलीचा प्रश्न आणखी अवघड आहे. बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार गुन्ह्याची माहिती मिळालेल्या व्यक्तीने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. समुपदेशक गप्प राहिली तर शिक्षेस पात्र ठरते. चॅटबॉट गप्प राहिला तर कोण?

समुपदेशकांच्या उणिवेच्या मुद्द्याला उत्तर मध्य प्रदेशातच मिळाले आहे. राज्यातील १८० पोलीस ठाण्यांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. महिला मदतकक्ष असलेल्या ठाण्यांत स्त्रियांच्या तक्रारींची नोंद वाढली, आणि कक्ष महिला अधिकाऱ्यांकडे होता तिथे विशेष वाढली. माणसे नेमून व त्यांना शिकवून फरक पडतो, हे दिसल्यावर पैसा आधी कुठे जावा याबद्दल संदेह राहू नये.

तथापि, यंत्राला दारातही उभे करू नये हा दुसरा टोकाचा पक्षही टिकत नाही. अत्याचारानंतरचे तास मोजके असतात. गर्भनिरोधक गोळी जितकी लवकर तितकी उपयोगी; एचआयव्ही टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. गर्भ २४ आठवड्यांपुढे गेला की गर्भपातासाठी उच्च न्यायालयात अर्ज करण्याची पाळी येते, आणि असे अर्ज जबलपूरच्या पीठापुढे येतच असतात. यातले काही वेळेवर न कळल्यानेही घडते. रात्री दोन वाजता ही माहिती देणारे दुसरे कोणी जवळ नसेल, तर यंत्राने ती द्यावी.

म्हणून चॅटबॉटने सांगावे. हकिकत विचारू नये. सांगायचे ते असे: सरकारी वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने तातडीने मोफत उपचार देणे बंधनकारक आहे. सज्ञान स्त्रीने पोलिसांत तक्रार केली नसली तरी उपचार नाकारता येत नाहीत. शक्यतो अंघोळ करू नये, कपडे न धुता कागदात गुंडाळावेत. अंघोळ झाली असली तरी तपासणीला जावे. फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्दीचे कारण चालत नाही. जबाब महिला अधिकाऱ्याने नोंदवायचा असतो. पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. एवढे हिंदीत, मराठीत, जमल्यास आवाजातही सांगावे. नाव, गाव, प्रसंग विचारू नये आणि संवाद साठवू नये. कोणी आपणहून हकिकत लिहू लागलीच, तर तिला ‘सखी’ वन स्टॉप सेंटरच्या कार्यकर्तीशी जोडून द्यावे आणि ही कार्यकर्ती माणूस आहे हे स्पष्ट सांगावे.

देशभरासाठी बनलेले उत्तर इथे जसेच्या तसे चालणार नाही. १८१ हा क्रमांक महिला हेल्पलाइन म्हणून छापला जातो. मध्य प्रदेशात तोच मुख्यमंत्री हेल्पलाइनचा आहे, जिथे रस्त्यांच्या आणि रेशनच्या तक्रारीही येतात. तेव्हा जिल्ह्यातील ‘सखी’ केंद्राचा थेट क्रमांक चॅटबॉटमध्ये हवा. तो रात्री उचलला जातो की नाही, हे चालवणाऱ्या संस्थेने दर आठवड्याला स्वतः फोन लावून पाहावे, आणि उचलला जात नसेल तर तो क्रमांक दाखवणे त्याच दिवशी थांबवावे.